आधी छापलेला कागद

सामन्याचं पत्रक हा फार भाबडा कागद असतो. वर्तमानपत्र सगळं घडून गेल्यावर छापतात. कोण जिंकलं, कोण पडलं, कोणाचा गुडघा फुटला, हे सारं तोवर हाती आलेलं असतं. पत्रक छापखान्यात जातं तेव्हा काहीच घडलेलं नसतं, आणि तरीही त्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं असतं की सामने सकाळी ठीक ९ वाजता सुरू होतील. आमच्या अड्याळात ९ म्हणजे किती, हे छापणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला ठाऊक असतं आणि ज्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं त्यांच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असतं. पण छापायचं मात्र ९ च.

अड्याळ म्हणजे भंडारा–पवनी रस्त्यावरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं आमचं गाव. बाहेरचे लोक नाव ऐकलं की तुकारामदादांची अड्याळ टेकडी समजतात. ती वेगळी, चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडची. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, आणि अलीकडे टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल बघायचा तर कामठी गाठावी, तिथल्या छावणीच्या आजूबाजूला तो मुरलेला आहे. तरी इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांनी सामन्याची पुस्तिका छापावी की बंद करावी, हा वाद वाचताना मला तो आपल्या घरचा वाटला. कारण साधं आहे. अक्षर बरं आणि शुद्धलेखन त्याहून जरा बरं, एवढ्या भांडवलावर गावातल्या मंडळांच्या पॉम्प्लेटांचा मजकूर वर्षानुवर्षं माझ्याकडे येत आला आहे.

इंग्लंडात सामन्याला जाणारा माणूस मैदानाच्या दाराशी तीन-चार पौंड देऊन ‘प्रोग्रॅम’ विकत घेतो. आता ती गुळगुळीत कागदाची जाड पुस्तिका असते. व्यवस्थापकाचं मनोगत, खेळाडूची मुलाखत, घरकर्जाची जाहिरात असं सगळं तिच्यात असतं. सुरुवातीला तो एकच कागद होता. 25 मार्च 1882 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर ओल्ड इटोनियन्स आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स यांच्यात एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. त्या दिवशीच्या पत्रकाची एक प्रत उरली होती, ती 2013 साली लिलावात 35,250 पौंडांना गेली. त्यावर मुख्यतः नावंच आहेत. नावं लागतच होती, कारण त्या काळात खेळाडूंच्या पाठीवर आकडे नसत. 1933 च्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा एकापासून बावीसपर्यंत आकडे लावले गेले आणि इंग्लिश लीगमध्ये ते सक्तीचे व्हायला 1939 उजाडलं. तोवर पत्रकात खेळाडू त्यांच्या जागेनुसार मांडलेले असत. एका टोकाला गोलरक्षक, मग बचावाचे दोघे, मग मधले तिघे, मग पुढची पाच जणांची रांग. उजव्या कडेने पळतोय तो कोण, हे कागद बघूनच कळायचं.

याहून मौजेची युक्ती पुढे निघाली. शनिवारी दुपारी देशभर एकाच वेळी सामने चालत, आणि इतर ठिकाणी काय झालं याची प्रत्येकाला उत्सुकता असे. मैदानाच्या कडेला एक मोठा फलक असायचा. त्यावर ए, बी, सी अशी नुसती अक्षरं लिहिलेली असत. मध्यंतरात फोनवरून निकाल आले की प्रत्येक अक्षरासमोर आकडे लागायचे. पण ए म्हणजे कुठला सामना? ते फक्त विकत घेतलेल्या पत्रकात छापलेलं. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी फलकावर नुसती बाराखडी. शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारे असणारच, पण धंद्याची अक्कल म्हणून हे मला फार आवडतं. आमच्या मंडळाच्या खजिनदाराला सांगितलं तर तो लगेच विचारेल, आपल्याकडे असं काय लपवता येईल?

पुढे ही सगळी कामं एकेक करून गेली. पाठीवर आकडे आले, मग नावंही आली. रेडिओ आला, टीव्ही आला, शेवटी खिशात फोन आला आणि ए म्हणजे काय हे कोणाला विचारायची गरज उरली नाही. 2018 च्या जूनमध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी मतदान करून पुस्तिका छापण्याची सक्तीच उठवली. 2020 साली महामारीत मैदानं ओस पडली, तेव्हा दारात उभं राहून विकायचं कोणाला हाही प्रश्न आला. काही क्लब पडद्यावर गेले, काहींनी थांबवलं, काही अजून नेटाने छापतात. छपाईचं गणित मोठं कठोर असतं. ऑफसेटवर प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. खप निम्म्यावर आला की उरलेल्या प्रत्येक प्रतीवर तो दुप्पट चढतो. मग किंमत वाढवा, म्हणजे खप आणखी उतरतो.

आपल्या देशात फुटबॉलचं हे अंग फारसं वाढलं नाही. 1911 साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा मागे उभ्या राहिलेल्या गर्दीला गोल कळवायला पतंग उडवले होते असं सांगतात. मुंबईत 1891 पासून रोव्हर्स कप चालला, कूपरेजवर पिढ्यान्पिढ्या लोक जमले, आणि तो कपही आता बंद पडला. महाराष्ट्रात फुटबॉल खऱ्या अर्थाने पेठेपेठेत भिनला तो कोल्हापुरात. पण पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर कधी आहे, असं विचारणारा माणूस मुळात कोल्हापूरचा नसतो. त्याला पत्रक देऊन काय करणार?

आमचं पॉम्प्लेट निराळ्याच जातीचं. गुलाबी, पिवळा नाहीतर पोपटी पातळ कागद. माथ्यावर बजरंगबलीचं नाव, खाली कमानीसारख्या वळणात ‘भव्य खुले कबड्डी सामने’. भव्य नसलेले सामने मी आजवर लिहिले नाहीत. मग स्थळ, काळ, प्रवेश फी, आणि मग बक्षिसं. पहिलं बक्षीस इतके रुपये, अमुक यांच्याकडून, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ. दुसरं, तिसरं. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, शिस्तबद्ध संघ, या प्रत्येकाखाली देणाऱ्याचं नाव. त्यानंतर नियम. वाद झाल्यास पंचांचा निर्णय अंतिम राहील. दुखापतीस मंडळ जबाबदार राहणार नाही. वेळेवर न येणारा संघ बाद समजला जाईल (हा नियम लागू केला असता तर आमच्याकडे अंतिम सामन्यापर्यंत कोणीच पोचलं नसतं). मग उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, आणि सर्वांत खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, मंडळाच्या पोरांची नावं.

यात एक गंमत आहे, आणि ती मला इंग्लंडातल्या पुस्तिकांविषयी वाचेपर्यंत कधी खटकली नव्हती. आमच्या पत्रकात खेळाडूचं नावच नसतं. मातीत लोळणार तो कुठेच नाही. वर्गणी देणारा आहे, मंडप घालणारा आहे, लाऊडस्पीकरवाला आहे, पाहुण्यांच्या चहाची सोय करणारा आहे. त्यांच्याकडे पत्रक खेळणाऱ्याचं, आमच्याकडे ते बघणाऱ्याचं. म्हणून आकडे, टीव्ही आणि फोन यांनी त्यांच्या पुस्तिकेची जी कामं हिसकावली, ती आमच्या कागदाकडे कधी नव्हतीच. आमचा कागद गावाचा जमाखर्च होता. कोणी काय दिलं, हे गावासमोर मांडायची ती रीत होती.

त्यामुळे भांडणंही नावांचीच. अमक्याचं नाव तमक्याच्या वर कसं? सरपंच आधी की माजी सरपंच? दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघांनी सारखीच रक्कम दिली, मग आडव्या ओळीत शेजारी-शेजारी घेऊ, पण डावीकडे कोण? एक म्हातारे गृहस्थ पॉम्प्लेट हाती पडलं की चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाशी धरून वरून खालपर्यंत बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “माझा नाव दिसून नाही रायला गा.” त्यांची वर्गणी एक्कावन्न रुपये असायची. नाव असायचं, अगदी तळाशी. ते सापडलं की कागदाची घडी बंडीच्या खिशात जायची. या लोकांची नावं वर्तमानपत्रात कधी येत नाहीत. मतदार यादी, रेशनची यादी आणि कबड्डीचं पॉम्प्लेट, एवढ्याच ठिकाणी ती छापली जातात, आणि पहिल्या दोन याद्यांत अभिमानाने दाखवण्यासारखं काही नसतं.

छापायला भंडाऱ्याला नाहीतर पवनीला जायचं. खिळे जुळवायचे दिवस मी थोडे पाहिले आहेत. कंपोझिटर लाकडी केसमधून एकेक खिळा उचलायचा, बघता बघता ओळ भरायची, आणि यादी निम्म्यावर आली की ‘श्री’ संपायचा. आमच्या गावात प्रत्येकाला श्री लावावा लागतो, आणि छापखान्यात श्री मोजके. मग खालच्या लोकांच्या वाट्याला नुसतं नाव यायचं. छापखान्याच्या टंचाईमुळे कोणी श्रीमान राहिला आणि कोणी नुसता रामा झाला, यावरून एकदा वर्गणी परत मागितली गेली होती. ट्रेडल मशीन पायाने चालायचं. ओल्या शाईचे गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून गाव गाठायचं, मग सायकलींवर पोरं पहेला, चिचाळ, नेरला, कोंढ्यापर्यंत जायची. पानठेल्यावर चिकटवायचं, बसथांब्यावर वाटायचं, शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं.

त्या कागदाच्या अगदी तळाशी एक ओळ असायची, जी कोणी वाचत नसे. छापखान्याचं नाव आणि गाव. 1867 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. सरकारला हवं होतं ते राजद्रोही मजकुराचा माग काढायचं साधन. आमच्या पॉम्प्लेटात राजद्रोह कुठला? पण त्या ओळीने कागदाला एक मालक मिळायचा. हे आम्ही म्हटलं आहे, इथे छापलं आहे, काही चुकलं तर इथे या.

आणि चुकायचंच. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, हे नाटकाच्या पॉम्प्लेटावरून सगळ्यांत चांगलं कळतं. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, लेकीजावई, सोयरे गोळा होतात आणि रात्री नाटक असतं. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर गावं पालथी घालत फिरतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईला झाडीपट्टीची ओळख झाली. आमच्याकडे मात्र त्यांचं नाव पॉम्प्लेटावर दिसलं की शेजारच्या चार गावांत त्या रात्रीचे बेत बदलायचे. नाटकाच्या कागदावर कलावंतांची नावं असतात, फोटो असतात. आणि छापलेला नट ऐनवेळी आला नाही, तर प्रेक्षक तोच कागद हातात धरून आयोजकांपुढे उभा राहतो. “हे काय लिहिलं आहे?” तळाशी ‘ऐनवेळी बदल करण्याचा अधिकार मंडळास राहील’ असं छापलेलं असतंच, पण तेवढ्याने सुटका होत नाही. कागद चुकीचा ठरला म्हणूनच तो कामाचा झाला. काय ठरलं होतं, हे त्याच्याखेरीज दुसरं कोण सांगणार?

फोनवर हे होत नाही. आता व्हॉट्सअॅपवर पहिलं चित्र येतं, त्यात उद्घाटक एक. दोन तासांनी दुसरं येतं, त्यात उद्घाटक दुसरा. पहिलं पाठवणाऱ्याने पुसून टाकलेलं असतं. रात्री तिसऱ्यात तारीखच बदललेली. शेवटी आलेलं खरं, आणि आधीचं कधी नव्हतंच. क्लबांच्या पडद्यावरच्या पानांचीही तीच तऱ्हा. खेळाडू बदलला की पान बदलतं, क्षणात, मागमूस न ठेवता. सोयीचं आहे, मीही तेच बघतो. मात्र सामन्याआधी लोकांना काय वाटत होतं, कोणावर भिस्त होती, हे त्या पानाला सांगता येत नाही. त्याला सतत बरोबर राहण्याची घाई झालेली असते.

मँचेस्टर युनायटेडच्या 1958 सालच्या दोन पत्रकांची गोष्ट मला याच कारणाने विसरता येत नाही. 6 फेब्रुवारीला म्युनिकमध्ये बर्फाळ धावपट्टीवरून उडताना त्यांचं विमान कोसळलं. तेवीस जण गेले, त्यांत आठ खेळाडू. दोनच दिवसांनी वुल्व्हजविरुद्ध सामना ठरलेला होता आणि त्याची पत्रकं छापखान्यात तयार होती. सामना रद्द झाला, गठ्ठे नष्ट केले गेले, पण काही प्रती वाचल्या. त्या कागदाला अपघात माहीतच नाही. त्यात शनिवारची तयारी चाललेली आहे. मग 19 फेब्रुवारीला शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध सामना झाला. संघ कोणाचा करायचा हेच ठरेना. स्टॅन क्राउदर नावाच्या खेळाडूला घेतल्याची सही सामना जेमतेम तासा-दीड तासावर आला असताना झाली. छापखाना एवढा वेळ थांबत नाही. म्हणून त्या पत्रकात शेफिल्डची अकरा नावं छापली आणि युनायटेडच्या बाजूला अकरा रिकाम्या जागा सोडल्या. लोकांनी त्या पेनाने भरल्या. युनायटेड तो सामना 3–0 ने जिंकलं.

आजच्या पडद्यावर ती जागा रिकामी राहिलीच नसती. संध्याकाळी नावं ठरली की पानावर अवतरली असती आणि आधी तिथे काही नव्हतं हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. छापखान्याची मुदत ही अडचण होती, पण तिनेच ते अकरा रकाने ठेवले. कोणा मोठ्या लेखकाला सुचलं नसतं असं श्रद्धांजलीचं पान एका गांजलेल्या संपादकाकडून नाइलाजाने तयार झालं.

तेव्हा भविष्य काय? मला विचाराल तर ती शंभर पानी गुळगुळीत पुस्तिका गेली तर जाऊ द्यावी. तिच्यातलं बहुतेक सगळं फोनवर चांगलं दिसतं, आणि संग्राहकांसाठी छापलेली वस्तू ही आधीच अर्धी मेलेली असते. विकत घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, तिच्यावर चहाचा डाग पडू द्यायचा नाही, हा काय कागदाचा संसार? पण एक पान टिकेल असं वाटतं. दोन्ही संघांची नावं, तारीख, मैदान, आणि पेन टेकवायला जागा. आता डिजिटल मशीनवर पन्नास प्रतीही काढता येतात. हजाराची सक्ती छपाईनेच सोडली आहे. मोठ्या क्लबांपेक्षा हे लहानांच्या जास्त पथ्यावर पडेल.

आमच्याकडचं संकट निराळं आहे. आमचा कागद फोनने नाही, फ्लेक्सने मारला. चौकात बारा फुटी फ्लेक्स लागतो, त्यावर चेहरे. चेहरा मोठा हवा, म्हणजे माणसं कमी बसतात, म्हणजे ज्याने जास्त दिले त्याचाच. एक्कावन्नवाल्याला त्यावर जागा नाही. पूर्वी तो तळाला का होईना होता. वर्गणी आता थोड्या लोकांकडून मोठी मिळते, हिशेब सोपा झाला, आणि घरोघर पावती-पुस्तक घेऊन फिरायचं पोरांनीही सोडलं. घरोघर फिरणं बंद झालं तशी सामन्याला घरोघरची माणसंही कमी झाली. या दोन्हींचा संबंध मी बैठकीत मांडला, तेव्हा सगळ्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

यंदाच्या सामन्यांच्या बैठकीत मी एक जास्तीचा प्रस्ताव ठेवला. फ्लेक्स लावा, व्हॉट्सअॅपही करा, पण अंतिम दिवसासाठी एक छोटं पत्रक काढू आणि त्यावर पहिल्यांदाच खेळणाऱ्यांची नावं घालू. कबड्डीत बारा जणांचा संघ, सात आत, पाच बाहेर. दोन संघांची चोवीस नावं, बसतील. पोरं म्हणाली, काका, अंतिमला कोण पोचणार हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही, छापणार कधी? मी म्हणालो, मग रकाने रिकामे सोडू, लोक भरतील. युनायटेडची गोष्टही सांगितली. ती सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

खजिनदाराने कागद पुढे ओढला, पट्टी ठेवली आणि रिकामी जागा मोजली. म्हणाला, “एवढ्यात तर खताच्या दुकानाची अख्खी जाहिरात बसते. रिकाम्या जागेचे पैसे कोण देईल गा?” बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या बाजूला वर्गणीदारांची नावं, एक्कावन्नवाल्यांसकट. मागच्या बाजूला चोवीस ओळी, आणि त्यांच्यावर आडव्या पट्टीत खतवाला, सौजन्य म्हणून. त्याने पैसे कबूल केले आहेत, फक्त त्याला आपला फोटोही हवा आहे. फोटो घातला तर ओळी बावीसच उरतात, त्यामुळे दोन्ही संघांचे शेवटचे राखीव खेळाडू कुठे लिहायचे, यावर रविवारी पुन्हा बसायचं आहे.